परब काकूंचा स्वभाव

माझ्या आईने माझ्यावर कधी हात उचलला नाही. हे वाक्य खरं आहे, आणि ते मी कुठल्याही सभेत म्हणत नाही. आमच्या गटातली पोरं मागे लागतात. 'मुलांना मारू नका' असं ठळक छापलेलं पत्रक घेऊन आम्ही शाळा सुटायच्या वेळेला गेटवर उभे असतो, आणि एखादी आई तो कागद चुरगळत विचारते, "तुला काय गं माहीत? लग्न तरी झालंय का तुझं?" तेव्हा पोरं मला कोपराने ढोसतात. सांग ना, तुझ्या मम्मीचं सांग. न मारता वाढवलेली पोरगी समोर उभी आहे, याच्यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे यांना? मी सांगत नाही. दुसरं काहीतरी बोलते. आठवणी लिहायचं माझं वय नाही हे मला कळतं, अजून माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केलेली नाही. पण गेल्या महिन्यात सायलीच्या घरी जे झालं त्यानंतर वाटलं, हे एकदा सरळ लिहून टाकावं. पत्रकासारखं नाही. पत्रकात शेवटी मागणी असते, आणि माझी मागणी काय आहे तेच मला नीट माहीत नाही.

चारकोपला आमचं बैठं घर होतं. बैठं म्हणजे खाली एक खोली, मागे मोरी आणि ओटा, वर लोखंडी शिडीने जायचा पोटमाळा. अशी घरं चारी बाजूंनी, मधे फरशीचा चौक, चौकात सोसायटीचा फळा आणि एक अर्धवट वाळलेलं बदामाचं झाड. प्रत्येक घराची एक भिंत शेजाऱ्याची. आमची परब काकूंच्या घराला लागून होती. त्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. काकूंचा कुकर, काकूंच्या पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज, मिक्सर असूनही त्या चटणी पाट्यावरच वाटायच्या, सायलीचं मोठ्याने पाठांतर, आणि काकूंचा आवाज. तो आवाज ऐकायला भिंतीची गरज नव्हती, सेक्टरभर जायचा. आमच्या घरात मात्र आवाजच नसायचा. मम्मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. मांडीवर साडी, तोंडात दोन टाचण्या, शेजारी मोजायची लाकडी पट्टी. टाचण्यांमुळे ती कमी बोलते असं मला लहानपणी वाटायचं. पप्पांची शिफ्ट ड्युटी, ते घरी असले की झोपलेले, म्हणून मी पण हळूच बोलायला शिकले. आता माईकवर उभी राहिले की लोक म्हणतात, केवढ्याने ओरडते ही. साठलेलं आहे ते.

मम्मीचं माहेर जालन्याकडचं. रागावली तरी तोंडातून 'लेकरा' असंच यायचं. मी काही फोडलं, सांडलं, शाळेतून चिठ्ठी आणली, तरी ती नुसती बघायची आणि म्हणायची, "असू दे, लेकरा." एवढंच. शाळेतल्या मैत्रिणींच्या हातापायांवर उलथण्याचे वळ असायचे. त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी एसीत राहते. मला माझ्या मम्मीचा माज होता. अख्ख्या चौकात अशी आई कुणाकडे नव्हती.

आणि भिंतीपलीकडे परब काकू होत्या. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात औषधांची खोकी भरायच्या कामाला जायच्या, संध्याकाळी चौकाच्या तोंडाशी त्यांची चप्पल वाजली की पोरांचे खेळ आपोआप बंद पडायचे. अंगाने बारीक, केसांचा गच्च आंबाडा, हातात भाजीची पिशवी. सगळ्यांना ओरडायच्या त्या, पण माझ्यावर त्यांचं विशेष लक्ष. मी गणितात नापास झाले की ते काकूंना कसं काय कळायचं देव जाणे. मी पप्पांच्या शर्टाच्या खिशातून काही घेतलं, मी खोटं बोलून क्लास बुडवला, मी मम्मीला उलट उत्तर दिलं, की संध्याकाळी दारात काकू हजर. "काय गो, खंय भटकूक गेल्लंस? हय ये. उभी रव थंयसर." मग कान. काकूंच्या दोन बोटांत माझा कान बरोबर बसायचा, जणू त्यासाठीच बनवलाय. मग चौकात बदामाखाली उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत, काकू 'जा' म्हणेपर्यंत. मम्मी आतून बघायची. दारात यायची, पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, माझी गरीब मम्मी घाबरते हिला.

सुटका झाली की मी धावत घरात. मम्मीच्या मांडीवरची साडी बाजूला झालेली असायची, मांडी मोकळी. ती माझा कान चोळायची, केसांतून बोटं फिरवायची आणि म्हणायची, "जाऊ दे. तिचा स्वभावच तसा." मग वरणफळं. दुसरं कुणी करत नाही तशी वरणफळं मम्मी करते. हळद, तिखट, ओवा घातलेली पिवळी कणीक घट्ट मळून, लाटून, शंकरपाळ्यासारखी कापून उकळत्या वरणात सोडायची, वरून लसणाची फोडणी आणि तुपाची धार. ते गरम ताट घेऊन मी भिंतीला टेकून बसायचे, पलीकडच्या त्या बाईच्या भिंतीला, आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत खायचे. जगात एक वाईट बाई आहे आणि एक माझी मम्मी आहे. सोपं होतं सगळं.

सायलीचं म्हणणं वेगळं होतं. सायली परब, काकूंची मुलगी, माझ्याच वर्गात, माझीच मैत्रीण. आमचं भांडण कायम एकच. "तुझी आई राक्षस आहे," मी म्हणायचे. "माझी आई? ए, माझी आई मला साधं 'गप' पण म्हणत नाही. राक्षस तुझी मम्मी आहे. तिने नुसतं 'सायली, इकडे बघ' म्हटलं ना, की मला सू लागते." मी हसून लोळायचे. माझी मम्मी? जी टाचण्या तोंडात धरून बसलेली असते ती? सायली तळहात पुढे करायची. "पट्टीने मारते ती. फॉलच्या पट्टीने, तू घरी नसलीस की." मी म्हणायचे, "फेकू नको, यार." मला खरंच वाटायचं की सायली आपल्या आईला वाचवायला थापा मारते. माझी मम्मी मला कधीच मारत नाही, हीही तिला थापच वाटत असणार. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून आम्ही दोघी एकमेकींना खोटारड्या समजत होतो आणि एकाच बाकावर बसत होतो.

दहावीच्या वर्षात ते झालं. मी क्लास बुडवून वर्गातल्या मुलामुलींबरोबर खाडीवर गेले होते. काही नाही केलं आम्ही, चिखलात दगड मारले, कुणीतरी फोनवर गाणी लावली, भेळ खाल्ली. परत आले तर चौकाच्या तोंडाशी काकू. कामावरच्याच साडीत, पिशवी नाही हातात. म्हणजे भाजी न घेता, थेट माझ्यासाठी येऊन थांबलेल्या. काही विचारलं नाही. कानाखाली एक दिली. कान धरणं वेगळं आणि हे वेगळं. फळ्यापाशी सोसायटीचे सेक्रेटरी होते, नळावर बायका होत्या, माझ्याहून लहान पोरं होती. "उद्यापासून क्लासाक सायलीबरोबर जावचां. एकटी दिसलंस तर बघ." मला रडू आलं नाही. मी सरळ घरात गेले. मम्मीने मांडी मोकळी केली. "जाऊ दे, लेकरा," ती म्हणाली, "तिचा स्वभावच तसा." मी त्या दिवशी मांडीवर डोकं ठेवलं नाही. म्हटलं, "मम्मी, तू तिला काही बोलत का नाहीस? ती कोण लागते माझी?" मम्मी ओट्याकडे गेली. फडक्याखालची पिवळी कणीक तिने पुढे ओढली आणि लाटायला घेतली.

तेव्हा मी आमच्या बुद्धविहारात जायला लागले होते. तिथे संध्याकाळी एक दादा आम्हा मोठ्या पोरांना बसवायचा, आम्ही सगळे त्याला राजूदादा म्हणायचो. त्याने मला पत्रक लिहायला शिकवलं. पहिलं वाक्य लहान ठेव. विशेषणं काढ. अन्याय करणाऱ्याचं नाव घे. मी राजूदादाला ती थप्पड सांगितली. तो म्हणाला, "नाटक कर यावर. चौकातच कर." सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत सकाळी झेंडा, मग सत्यनारायणाची पूजा आणि संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम असतात. आमच्या घरचे पूजेला बसायचे नाहीत, पण कार्यक्रमाला जायचे. मी छोटं नाटक लिहिलं. त्यात शेजारीण होती, मुलगी होती, आणि शेवटी मुलीचं भाषण. दहा ओळींचं ते भाषण मला अजून पाठ आहे. त्यात एक वाक्य होतं: "माझ्यावर हात उचलायची हिंमत तुम्हाला झाली, कारण आम्ही कोण आहोत हे तुम्हाला माहीत आहे."

हे वाक्य मला कुणी दिलं नव्हतं, माझंच होतं. आणि हवेतून आलेलं नव्हतं. याच सेक्टरमध्ये मला कुणाच्या तरी घरी पाण्याचा वेगळा ग्लास मिळालेला होता, शाळेत आडनाव सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलेलं होतं. पुढेही पाहिलं, भरपूर. म्हणून मला हे जोडणं सोपं गेलं. परब काकू मलाच का धरतात, याचं दुसरं काही कारण माझ्यासमोर कुणी ठेवलंच नव्हतं. ठेवू शकणारी एक बाई घरात बसली होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

आणि ती काय करत होती? ऐका. ती मला नाटकासाठी साडी शोधून देत होती. शेजारणीचं काम मीच करणार होते, तर काकूंच्या साडीसारखी बारीक फुलांची साडी तिने गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यातून नाही, स्वतःच्या ट्रंकेतून काढली. त्या संध्याकाळी माझे केस तिनेच बांधले. आंबाडा घट्ट पाहिजे, मी म्हटलं, काकूंचा असतो तसा. तिने आकडे खोचून खोचून तो गच्च केला. माझं भाषण तिने घरात चारदा ऐकलं होतं. त्या वाक्यापाशी एकदाच म्हणाली, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "का, खोटं आहे?" ती माझ्या मानेवरचे बारीक केस आत दाबत राहिली. एक शब्द. एक शब्द बोलली असती तर झालं असतं.

नाटक झकास झालं. मी हवेतच एका मुलीचा कान धरला, "हय ये, उभी रव" म्हटलं, तेव्हा चौक हसून फुटला. पोरं तर बाकांवरून पडायच्या बेतात. मग मी आंबाडा सोडला, साडीचा पदर कमरेत खोचला, मुलगी झाले आणि भाषण केलं. त्या वाक्याला मी काकूंना शोधलं. काकू तिसऱ्या रांगेत होत्या. हातात प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण, बोटं शिऱ्यात तशीच. त्या माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं, मी तयारी करून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून बायकांच्या घोळक्यात बसलेल्या माझ्या मम्मीकडे पाहिलं. सावकाश, काहीतरी विसरलेलं आठवतंय का असं विचारावं तसं. मम्मी खाली फरशीकडे बघत होती. मग मागच्या रांगेत राजूदादाने टाळ्या सुरू केल्या, इतरांनी केल्या, आणि मम्मीनेही केल्या. मी स्टेजवरून पाहिलं. माझ्या मम्मीने टाळ्या वाजवल्या. काकू उठल्या, द्रोण तसाच हातात धरून घरात गेल्या आणि दार लावलं. आमच्या चौकात दिवसाउजेडी किंवा कार्यक्रमाच्या दिवशी कुणी दार लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायलीने मला फळ्यापाशी गाठलं. ती मारायलाच आली होती असं वाटलं.

"माझी आई जेवली नाहीये कालपासून. कळतंय तुला? जात काढलीस तिची!"

"तिने काढली माझी. थप्पड कुणी मारली?"

"आणि मला पट्ट्या कुणी मारल्या? तुझ्या मम्मीने मारल्या तेव्हा मी केलं का नाटक?"

"सायली, थापा बंद कर."

"थापा? तुझी मम्मी ओरडली की मी रडत घरी जायचे. आणि आई काय करायची माहितीये? आंबोळ्या. प्रत्येक वेळी. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. मी रडतेय म्हणून."

"मग? माझी मम्मी पण वरणफळं करते."

हे बोलले आणि सायली एकदम थांबली. तिचा चेहरा मला आठवतो. तोंड उघडं, पुढचं वाक्य तयार, आणि ते बाहेरच येईना. मग ती वेगळ्याच, हळू आवाजात म्हणाली, "मितू, आंबोळीचं पीठ आदल्या दिवशी वाटतात."

मला आधी कळलंच नाही. आमच्या घरी आंबोळ्या होत नाहीत. ती समजावून सांगायला लागली, चिडून नाही, स्वतःलाच सांगावं तशी. तांदूळ-उडीद भिजवायचे, वाटायचे, रात्रभर आंबवायचे. मग सकाळी. कुणी रडत आलं म्हणून आंबोळ्या होत नाहीत. वाटाणे पण आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात. "म्हणजे मला ओरडा पडणार हे आईला आदल्या दिवशी माहीत असायचं." ती बोलत होती आणि मला फडकं दिसत होतं. ओल्या फडक्याखाली पिवळी कणीक, हळद-ओवा घातलेली. पोळीची नव्हे. मी थप्पड खाऊन घरात पाऊल टाकलं तेव्हा ती कणीक मुरून तयार होती.

मी घरात गेले. मम्मी फॉल लावत होती. मी पट्टी उचलली आणि तिच्यासमोर धरली. "तू सायलीला याने मारायचीस?"

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "हो."

"आणि काकूंना तू सांगायचीस. माझं."

"हो."

"खाडीचं पण?"

"मला कळलं तर मी घाबरले, लेकरा. मीच फोन लावला तिला. ती कामावरून तशीच आली."

सायली आणि मी बालवाडीत असताना मम्मी आणि काकू, दोघींनी ठरवलेलं. शाळेच्या बाहेर, आम्हाला आणायला आल्या होत्या तेव्हा. तू माझीला बोल, मी तुझीला बोलेन. मम्मी म्हणाली, "माझी आई मला चुलीतल्या लाकडाने हाणायची. तिची पण तशीच. मी तुझ्याएवढी असताना घरातल्याच एका माणसाने..." ती थांबली. सुई हातात होती, ती तिने परत कापडात खोचली. "मी कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर आधी मलाच पडला असता. कुणाकडे जाऊ मी? मंग ठरवलं, माझं लेकरू काही झालं की पळत माझ्याकडे आलं पाहिजे. आणि वळण पण लागलं पाहिजे. दोन्ही एका बाईला कसं जमावं? सांग, कसं जमावं?"

मला माहीत आहे, इथे वाचणाऱ्याचं मन पाघळतं. माझंही पाघळलं. तिच्याबरोबर जे झालं त्यासाठी मी त्या न पाहिलेल्या माणसाचा गळा धरला असता, आजही धरेन. पण मी मनाशी सांगितलं, थांब, हा एक अन्याय आणि तो दुसरा. एकाने दुसरा फिटत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. मग आता बाहेर चल. चौकात सांग की ते वाक्य खोटं आहे. की तूच सांगायचीस तिला."

"तिला माहीत आहे की."

"चौकाला माहीत नाही! अख्खा सेक्टर तिला जात बघणारी म्हणतोय, मम्मी. तू टाळ्या वाजवल्यास."

"लोक विसरतात. चौकात कशाला? तुला कळलं ना, झालं."

"तू माझा आंबाडा बांधलास."

मी वाट पाहिली. मग तिने साडी मांडीवर घेतली. पहिल्यांदा माझ्यासमोर, मी रडत असताना, तिची मांडी मोकळी नव्हती.

मी भिंतीपलीकडे गेले. काकूंनी दार उघडलं. माफी मागायला गेले होते का? नाही. मागायची पाळी माझी नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. मी फक्त सांगायला गेले होते की मला कळलंय. म्हटलं, "काकू, मम्मीने सांगितलं सगळं. तीच तुम्हाला सांगायची."

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाटक बरां केलंस," त्या म्हणाल्या. "पण माझो आंबाडो इतको वर नसता."

"काकू, मी काय म्हणतेय—"

"तुझ्या आवशीक मधी कित्याक हाडतंस? तिना माका कायएक सांगूक नाय. मी बघलंय, मी मारलंय." त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, जणू आत काहीतरी लपवलंय. "माझो सभावच तसो. जेवलंस?"

मी मम्मीकडून ऐकून आले होते, तरी तुझ्या आईने मला काही सांगितलं नाही म्हणत ती बाई खोटं बोलली. बालवाडीच्या गेटवर दिलेला शब्द तिने पाळला, आणि ज्या बाईला तो दिला होता ती पलीकडे साडीला टाके घालत बसली होती. मला मम्मीचा खरा राग आला तो तेव्हा, काकूंच्या उंबऱ्यावर. मारणं-ओरडणं दुसऱ्यावर सोपवलं, ते एक वेळ सोडा. काम तिने काकूंना दिलं, आणि वर त्याला काकूंचा स्वभाव असं नावही तिनेच लावलं. 'तिचा स्वभावच तसा.' लहानपणापासून माझ्या कानात ओतलेलं हे वाक्य तिच्याच हातचं होतं, वरणफळांसारखंच.

चौक विसरला नाही. विसरतात ते फक्त ज्यांना विसरायचं असतं ते. काकूंना हळदीकुंकवाला बोलावताना चौकातल्या बायका दोनदा विचार करायच्या. सोसायटीच्या भांडणात कुणीही त्यांना म्हणायचं, बसा खाली, तुमचं सगळ्यांना माहीत आहे. काकू बसायच्या. मी तिथल्या तिथे दोनदा सांगितलं की नाटकातलं ते खरं नव्हतं. लोक हसून म्हणाले, मोठी झाली, समजूतदार झाली. माझं कुणी का ऐकावं? ज्या तोंडाने सांगायला हवं होतं ते तोंड माझं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी काकू घर विकून गावी गेल्या. निघताना बायका जमल्या, ओटी भरली. कुणीतरी म्हणालं, कडक होत्या हो पण. मम्मी माझ्या शेजारीच होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. आता बोल, म्हटलं मनात, आता टेम्पो सुटतोय, आता काय जातंय तुझं? मम्मी म्हणाली, "हो, स्वभावच तसा." आणि डोळ्यांना पदर लावला. काकू टेम्पोत पुढे बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल तर दाखवलं नाही.

मी मम्मीबरोबर राहते. तिच्या हातचं खाते, तिच्या गुडघ्यांना तेल लावते. वरणफळं मात्र मी खात नाही, ती आता करतही नाही.

गेल्या महिन्यात सायलीने बोलावलं. ती बोरिवलीला राहते, टॉवरमध्ये, मुलगी रुही चार वर्षांची. म्हणाली, जेवायलाच ये. गेले तर ती मला सरळ किचनमध्ये घेऊन गेली आणि दार ओढून कुजबुजली, "ऐक ना, मितू. रुही हल्ली मारते. प्लेस्कूलमध्ये एका मुलाला चावली. तू जरा ओरड ना तिला. तू मावशी आहेस, तुला घाबरेल. मी ओरडले तर ती माझ्याजवळ येणारच नाही."

ओट्यावर मोठं पातेलं होतं. मी झाकण उचललं. पीठ छान फुगून वर आलं होतं, त्याच्यावर बुडबुडे. सायलीने पाहिलं की मी काय पाहतेय. ती लाल झाली.

"आवडतात तिला," ती म्हणाली. "म्हणून केलंय."

"सायली."

"मग काय करू? तू पत्रकं वाटतेस ना? सांग. मग कोण होणार वाईट?"

"तू."

"आणि ती माझ्याजवळ आली नाही तर?"

"येईल किंवा नाही येणार. पण आली तर खऱ्या तुझ्याकडे येईल."

तिने झाकणाची कड पुसली. मग बाहेर गेली. मी किचनमधूनच ऐकलं. तिचा आवाज काकूंसारखा निघाला, ते ऐकून तीच दचकली असणार, कारण मधेच तो खाली आला. चावायचं नाही, रुही. त्याला दुखलं. मी रागावलेय. मी, आई, रागावलेय. मग रुहीचं भोकाड, आणि पावलं. ती धावत आली ती माझ्याकडे. माझ्या गुडघ्यांना मिठी मारून कुर्त्यात तोंड खुपसलं तिने. गरम, ओलं, सगळं अंग हुंदक्यांनी उडतंय. मला माहीत होतं पुढे काय करायचं असतं. उचलायचं, केसांतून बोटं फिरवायची, एक वाक्य म्हणायचं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी तिला उचललं नाही. हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "आई तिकडे आहे."

रुही गेली नाही. दारात उभी असलेली सायलीच दोन पावलं पुढे आली, आणि फरशीवर बसली.